सीईसाठी वर्कशॉपमध्येच ईएमआय टेस्टिंग: आठ महिन्यांचा अनुभव

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. ओव्हनवर आणि प्लास्टिकच्या मशिनवर बसणारे ९६ बाय ९६ मिलीमीटरचे टेम्परेचर कंट्रोलर आम्ही बनवतो. गेल्या वर्षी जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाला माल पसंत पडला आणि त्याने सीई मार्किंग (युरोपात माल विकायला लागणारी खूण) मागितलं, तेही क्लास बी (नॉइजची जास्त कडक मर्यादा), कारण त्याचे काही ओव्हन लॅबमध्ये जातात. ईएमआय, म्हणजे मालातून निघणारा विजेचा नॉइज, मोजणाऱ्या टेस्टिंग लॅबच्या चेंबरमध्ये पहिल्याच दिवशी १४४ मेगाहर्ट्झवर मर्यादेच्या ७ डीबी वर गेलो. भाडं गेलं ते गेलंच, वर नॉइज नेमका कुठून निघतोय ते कळेना. ते शोधून देणं लॅबचं कामही नाही म्हणा.

परत आल्यावर भागीदाराची मनधरणी करून सेट घेतला: १.५ गिगाहर्ट्झचा टेबलावरचा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या फ्रीक्वेन्सीवर किती नॉइज ते दाखवणारा), एक लिझन (मेन्स आणि आपला माल यांच्यामध्ये बसतो, लाइनवर येणारा नॉइज वेगळा काढून देतो) आणि नियर-फील्ड प्रोबचा (बोर्डजवळ धरून नॉइज शोधायच्या कांड्यांचा) डबा. सगळं मिळून तीन लाखांच्या आत बसलं. कंपन्यांची नावं देत नाही, या जातीच्या कुठल्याही सेटला खालचं बहुतेक लागू पडेल.

पहिला दिवस अंधारात गेला. लिझनचा स्विच दाबला आणि अख्ख्या युनिटची वीज गेली. ३० मिलीअँपिअरची ईएलसीबी (अर्थिंगला गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडली होती. लिझनमध्ये लाइन आणि अर्थिंगच्या मध्ये मोठे कपॅसिटर असतात, त्यांतून अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट सरळ अर्थिंगला जातो. यात बिघाड काही नाही, त्याची रचनाच तशी. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच आणि लिझनच्या पेटीला पक्कं अर्थिंग आधी जोडावं लागतं, नाहीतर ती पेटी हात लावणाऱ्याला झटका देईल. हे माहितीपुस्तकात आहे. आम्ही ते नंतर वाचलं.

लाइनवरच्या नॉइजसाठी, म्हणजे १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, पैसे वसूल. आमचा एसएमपीएस (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा पॉवर सप्लाय) १३२ किलोहर्ट्झवर चालतो. मोजणी १५० पासून सुरू होते, म्हणून मूळ टोक (स्क्रीनवर उठणारं शिखर) सुटतं, पण त्याची दुप्पट, २६४, बरोबर सापडते. तिथे क्वासी-पीकची (टोक किती वेळा येतं तेही धरणाऱ्या मापाची) मर्यादा साधारण ६१ डीबी-मायक्रोव्होल्ट, आमचं टोक ५८. आम्ही खुशीत. मग लक्षात आलं की ॲव्हरेजची (सरासरीची) मर्यादा त्याहून १० डीबी खाली असते आणि एसएमपीएसच्या अशा स्थिर टोकाची ॲव्हरेज पीकच्या जवळपासच येते. म्हणजे एका मापाने पास, दुसऱ्याने सरळ फेल. वाय कपॅसिटरचा (नॉइज अर्थिंगकडे वळवणाऱ्या कपॅसिटरचा) लांबलचक ट्रॅक छोटा केला, कॉमन-मोड चोक (दोन्ही तारांतून एकाच दिशेने येणारा नॉइज अडवणारी गुंडाळी) मोठा घातला, तेव्हा ४६ वर आलं. नंतर लॅबच्या आकड्याशी ताडून पाहिलं, फरक ३ डीबीच्या आत होता.

खरी मजा प्रोबची. बोर्डवर १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आहे, त्याची नऊपट १४४. पण क्रिस्टलवर फेराइट (नॉइज शोषणारा तुकडा) लावून काही हललं नाही. छोटा लूप प्रोब बोर्डवर पेन्सिलीसारखा फिरवत गेलो, तेव्हा आरएस-४८५ च्या (डेटा केबल जोडायच्या) टर्मिनलजवळ टोक उसळलं. खाली पाहिलं तर ग्राउंड प्लेन (बोर्डभर पसरलेला ग्राउंडचा तांब्याचा थर) एका ट्रॅकने चिरलेला आणि नेमक्या त्या चिरेवरून सिग्नल ओलांडत होता. आमच्या पोराने चिरेवर तांब्याची टेप चिकटवून दोन्ही कडा सोल्डर केल्या. एका कडेचा सोल्डर काढला की स्क्रीनवरचं टोक वर, लावला की ९ डीबी खाली. पाच-सहा वेळा करून पाहिलं, निव्वळ हौस म्हणून. १४४ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची, तिचा चौथा हिस्सा ५२ सेंटीमीटर. आमची केबल अर्ध्या मीटरची. म्हणजे छान अँटेना आम्हीच जोडून दिली होती.

पण हवेतून जाणारं उत्सर्जन या सेटवर मोजायला जाऊ नका. अँटेना लावली की आपल्या कंट्रोलरआधी एफएमवाले दिसतात, ९८.३ चं टोक तर ताबुतासारखं उभं. आम्ही अँटेना कपाटात ठेवली आणि केबलवर करंट क्लॅम्प (केबलभोवती बसणारं, करंट मोजणारं कडं) लावायला लागलो. ५० मेगाहर्ट्झच्या आसपास एक मीटर केबलवर जेमतेम ५ मायक्रोअँपिअर कॉमन-मोड करंट असला, तरी ३ मीटरवरची क्लास बीची ४० डीबीची मर्यादा गाठली जाते. पाच मायक्रोअँपिअर! मल्टिमीटरला याचा पत्ताही लागत नाही.

तक्रारी आहेतच. क्वासी-पीकमध्ये पूर्ण स्वीप लावला तर जेवून यावं, म्हणून आधी पीकमध्ये बघून फक्त उंच टोकांवर क्वासी-पीक लावतो. पंख्याचा आवाज कानात बसतो. सॉफ्टवेअर दर दोन-तीन दिवसांनी यूएसबी ओळखत नाही. आणि चौथ्या महिन्यात इनपुट जळालं. चूक आमचीच: लिमिटर (जास्तीचं व्होल्टेज आत जाऊ न देणारा भाग) न लावता ॲनालायझर जोडलेला असताना कंट्रोलर चालू केला. दुरुस्तीत सहा आठवडे गेले. आता लिमिटर इनपुटवरच कायमचा बसवला आहे, त्यावर लाल टेप.

एक गोष्ट कुठलंच यंत्र करत नाही: कागद. आमच्यासारख्या मालाला ईएमसी डायरेक्टिव्ह (नॉइजबद्दलचा युरोपीय नियम), २०१४/३०/ईयू, नुसार तिसऱ्या संस्थेचा शिक्का सक्तीचा नाही. उत्पादकाने स्वतः जाहीरनाम्यावर सही करायची असते आणि टेक्निकल फाइल १० वर्षं जपायची असते. तरी 'चार दिवसांत सीई सर्टिफिकेट' देणारे एजंट फोन करतच राहतात. एकाने तर माल न बघताच दर सांगितला. आमच्या फाइलमध्ये नॉइजसाठी ईएन ६१३२६-१ या मानकाचा रिपोर्ट आहे, सेफ्टीसाठी ईएन ६१०१०-१ चा, शिवाय आरओएचएसचे (घातक पदार्थांवरच्या निर्बंधाचे) पुरवठादारांचे कागद. या शेवटच्यांनी सगळ्यांत जास्त पिडलं. सीईची अक्षरं किमान ५ मिलीमीटर उंच हवीत, आमच्या बारक्या लेबलवर त्यासाठी सीरियल नंबर खाली सरकवावा लागला. २०२१ च्या १६ जुलैपासून युरोपातल्या जबाबदार व्यक्तीचं किंवा कंपनीचं नाव-पत्ताही लागतो, तो गिऱ्हाइकानेच आयातदार म्हणून दिला.

दुसऱ्या खेपेला चेंबरमध्ये १४४ वर ५ डीबी खाली आलो. हा सेट घ्यावा का? वर्षाला एखादंच उत्पादन बदलत असेल तर लॅबचं भाडंच स्वस्त पडेल. बोर्ड सतत बदलत असाल तर घ्या, पण ऑर्डर देताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही यादीत लिहा.