सेप्टिक टँक की दोन शोषखड्डे?

गावी घर बांधताना गवंडी ठासून म्हणाला, "टाकी एवढी मोठी बांधतो, की नातवालाही उपसावी लागणार नाही." ऐकायला बरं वाटतं, पण जी टाकी कधीच भरत नाही तिचा तळ बहुधा गळत असतो आणि ते पाणी शेजारच्या विहिरीत उतरू शकतं.

नीट बांधलेली सेप्टिक टँक म्हणजे पक्का तळ, मधे आडभिंत, वर वायूची नळी. तीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. ते उघड्या गटारात नव्हे, शोषखड्ड्यातच सोडायचं. गाळ दर २-३ वर्षांनी उपसायचा, तोही यंत्राने. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने जीव जातो. तुमच्या वाडीच्या रस्त्याने मैल्याचा टँकर येतो का, हे आधी बघा.

दोन खड्ड्यांचं शौचालय स्वस्त. जाळीदार विटांचे खड्डे, तळ कच्चा, वायूची नळी नको. एक भरला की चेंबरमधली (शौचालय आणि खड्ड्यांच्या मधल्या छोट्या हौदातली) त्याची वाट विटेने बंद करून दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की आत कोरडं, मातीसारखं, वास नसलेलं खत मिळतं.

पाच-सहा माणसांच्या घराला मी दोन खड्डेच सांगेन. मात्र काळ्या चिकण जमिनीत पाणी नीट जिरत नाही, आणि कोकणात पावसाळ्यात भूजल वर येतं. तिथे पक्की टाकी बरी, पण तिच्या शोषखड्ड्यालाही हीच अडचण येते. विहीर मात्र दोन्हींपासून जमेल तितकी लांब हवी.