गोळ्यांचा अलार्मवाला डबा, आठ महिने वापरून सांगायलो

आमच्या अण्णांना पार्किन्सन (हात थरथरायचा, चालताना पाय अडखळायचा मेंदूचा आजार), हे चौथं वर्ष. आम्ही सेलूकडचे, दाखवायला रेल्वेनं संभाजीनगरला जातो. त्यावरची लेव्होडोपा-कार्बिडोपाची एकशेदहाची गोळी, म्हणजे लेव्होडोपा 100 मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा 10, दिवसातून चारदा. सकाळी 7, 11, 3 आणि 7. ऐकायला सोप्पं वाटतं, पण शेतात माणसं लावलेली असली की 11 ची गोळी कोणाच्या ध्यानात राहती? म्हणून ऑनलाइन हा चार खणांचा डबा मागवला.

आधी वाईट सांगतो. ज्यानं हे झाकण बनवलं त्यानं थरथरता हात कधी बघितलाच नसंल. नखानं उचकटावं लागतंय, पहिल्याच आठवड्यात अण्णांनी जोर लावला आन सगळ्या गोळ्या ओसरीभर, एक तर बाजेखाली दोन दिवसांनी सापडली. शेवटी मी खटका कानशीनं घासून ढिला केला, तवापासून ठीक आहे. आवाज पण बारीक, कूलर चालू असला की ऐकूच येत नाही. सेलवर चालतो, त्यामुळं लाइट गेली तरी वाजतो, एवढं बरं.

पण फरक पडला तो वेळेनं. आमच्याकडं सगळ्याच गोळ्या जेवल्यावर घ्यायची सवय, अण्णा दुपारी भाकर आन घट्ट वरण खाऊन मग गोळी घ्यायचे, आन चार वाजता उंबऱ्यात पाय चिटकल्यासारखे उभेच्या उभे. आम्हाला वाटायचं गोळीच कमी पडायली. डॉक्टर म्हणले डाळ-दह्यातलं प्रोटीन ह्या गोळीला आत शोषूच देत नाही नीट, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या (मळमळलं तर एखादं बिस्कीट चालतं म्हणले). डोस तोच ठेवला, फक्त 11 चा अलार्म वाजल्यावर पाऊण तासानं ताट, आन दुपारचं वरण रात्रीवर नेलं. पंधरा दिवसांत अण्णा दुपारचे पारापर्यंत जायले.

एकादशीला मात्र गोची झाली, उपवास मोडतो म्हणून गुपचूप दोन गोळ्या खाल्ल्याच नाहीत. डबा बिचारा वाजून वाजून गप. संध्याकाळी बाजेवरून दोघांनी उठवावं लागलं, भजनाला जाणं राहूनच गेलं. आता पुढच्या एकादशीला स्वतःच विचारतात, "वाजला का रे डबा?"

उंबऱ्यासाठी वेगळा जुगाड, आईनं दाराशी चुन्याच्या आडव्या रेघा मारल्यात पावलापावलावर, एकेक रेघ ओलांडत येतात.

डब्याला पाचातले तीन. मोठ्या आवाजाचा कोणी वापरला असंल तर सांगा, अण्णांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं.