दीड किलोचा तंबू आणि काटक्यांची चूल

तंबू दोन ट्रेकिंग काठ्यांवर उभा राहतो. तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात ओळखीच्यांच्या माळावर लावला, तर खुंट्या चार बोटंही आत जाईनात. खाली सगळा कातळ. दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधल्या, मग रात्रभरच्या वाऱ्यात तो जागचा हलला नाही. नायलॉन दवाने सैल पडतं, झोपण्याआधी दोऱ्या परत ताणून घ्या.

चुलीवर मात्र माझा जीव जडलाय. स्टीलचा दुहेरी भिंतीचा डबा. खालच्या भोकांतून शिरलेली हवा भिंतींमध्ये तापते, वरच्या भोकांतून आत येते आणि धूरच जाळून टाकते. करंगळीएवढ्या वाळक्या काटक्या भरून वरून पेटवायच्या. कडेच्या भोकांतून ज्वाळा फुटू लागल्या की पातेलं ठेवायचं. दोघांचा चहा, नंतर पिठलं, तेही गॅसची नळकांडी न वाहता! काटक्या ओल्या असल्या तर मात्र नुसता धूर. भांड्याचं बूड काळंकुट्ट होतं, त्याला आधी बाहेरून माती सारवावी.

तंबूत ती कधीही पेटवू नका, विषारी वायू साचतो. हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यातल्या गडांवर तर चूल नेऊच नये; उन्हाळ्यात वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. तिथे पायथ्याच्या गावात जेवण सांगा.