मित्राच्या विजयाची अट वेगळी असते : ‘ए डिस्टंट प्लेन’ या बोर्डगेमचे परीक्षण

अफगाणिस्तानातील युद्धावर बेतलेला ‘ए डिस्टंट प्लेन’ हा बोर्डगेम जीएमटी गेम्सने २०१३ मध्ये प्रकाशित केला, तेव्हा ते युद्ध सुरूच होते. शेवट ठाऊक नसलेल्या युद्धावर खेळ बेतणे हे धाडसच म्हणायचे. युद्धाचा शेवट होऊन गेल्यानंतर मी तो पहिल्यांदा पटावर मांडला आणि एरवी केवळ नियम म्हणून वाचल्या असत्या अशा काही ओळी फार वेगळ्या वाचल्या गेल्या.

खेळात चार बाजू आहेत : परदेशी मित्रफौजा, काबूलचे सरकार, तालिबान आणि स्थानिक वॉरलॉर्ड, म्हणजे स्वतःच्या सशस्त्र टोळ्या बाळगणारे सरदार. मित्रफौजा व सरकार एका पक्षाचे, असे वरवर दिसते. एखादा प्रांत ताब्यात आहे की नाही हे ठरवताना दोघांच्या सोंगट्या एकत्रच मोजल्या जातात. मात्र दोघांच्या विजयाच्या अटी निराळ्या आहेत. मित्रफौजांना गुण मिळतात ते सरकारला असलेल्या जनतेच्या पाठिंब्याचे आणि पटावरून परत आणलेल्या स्वतःच्या फौजेचे. सरकारला गुण मिळतात ते ताब्यातील लोकसंख्येचे आणि ‘पॅट्रनेज’चे, म्हणजे परकीय मदतीतून आपल्या माणसांची सोय लावण्यासाठी बाजूला काढलेल्या पैशाचे. पाहुण्याला लवकर घरी जायचे आहे आणि यजमानाचा फायदा मात्र पाहुणा दारात उभा राहण्यात आहे. परदेशातील लष्करी हस्तक्षेप का भरकटतो यावरचे पानेच्या पाने विवेचन मी वाचलेले आहे; त्याचा गाभा या खेळाने दोन ओळींच्या नियमात बसवला आहे, आणि त्यासाठी कोणालाही मूर्ख किंवा खलनायक ठरवलेले नाही.

दुसऱ्या डावात मी मित्रफौजांच्या बाजूने खेळत होतो. तालिबानच्या सोंगट्यांच्या एका टोकाला चिन्ह कोरलेले असते. ते खाली असेल तर बंडखोर छुपा, वर असेल तर उघडा. कंदाहारमध्ये मी शोधमोहीम काढली, दोन सोंगट्या उलटल्या, पुढच्या खेळीत त्या उचलल्या आणि अफगाण पोलीस उभे केले. आता लोकांचा पाठिंबा वाढवायचा आणि फौजा परत न्यायच्या, एवढेच काम उरले होते. पण तो खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि तिजोरी माझ्या शेजारी बसलेल्या मित्राच्या हातात होती. त्याने शांतपणे मदतीचा आकडा खाली सरकवला, पॅट्रनेजचा वर सरकवला आणि ‘तू अजून दोन खेळ्या थांब’ असे मला सांगितले. मी थांबलो, आणि पुढची किमान पाच कार्डे, म्हणजे पाच फेऱ्या, थांबूनच राहिलो. त्याची चाल त्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होती, याचाच मला जास्त राग आला.

हे पटावरचे गणित वास्तवापासून फार दूर नाही. पुनर्बांधणीच्या खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी अमेरिकेने २००८ मध्ये नेमलेल्या विशेष महानिरीक्षकांच्या अहवालांत ‘भुताळी सैनिकां’चा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : हजेरीपटावर नाव आहे, पगार निघतो, माणूस नाही. पाकिस्तानची भूमिका खेळात एका वेगळ्या पट्टीवर सरकते आणि त्यानुसार तालिबानचे बळ कमीअधिक होते. हा भाग मला आवडला, पण तो थोडा सोपा केलेला वाटतो. नोव्हेंबर २०११ मध्ये पाक-अफगाण सीमेवरील सलाला येथे नाटोच्या हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले आणि नाटोचा पाकिस्तानातून जाणारा रसदमार्ग जुलै २०१२ पर्यंत बंद राहिला. ज्या देशाच्या रस्त्यावरून रसद येते त्याच्याच भूमीवर शत्रूला आसरा मिळतो, ही गुंतागुंत एका पट्टीत पुरती मावत नाही.

माझा मोठा आक्षेप मात्र दुसरा आहे. पटावर सैनिकांसाठी, पोलिसांसाठी, बंडखोरांसाठी लाकडी सोंगट्या आहेत. सामान्य माणसांसाठी एकही नाही. ती प्रत्येक प्रांतावर छापलेल्या आकड्यात राहतात आणि त्यांचे मत ‘पाठिंबा’ किंवा ‘विरोध’ असे दाखवले जाते. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकी विमानाच्या माऱ्यात कुंदूझमधील रुग्णालयात ४२ माणसे मेली. असे काही या पटावर घडले तरी त्याचा हिशेब फार तर एका चकतीच्या सरकण्यात होईल. तसेच, १९७९ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर मुजाहिदीनांना बाहेरून पुरवलेला पैसा आणि शस्त्रे यांच्यापासून जी साखळी सुरू झाली, ती या पटाच्या कक्षेबाहेर आहे. डाव सुरू होतो तेव्हा वॉरलॉर्ड आधीच तिथे असतात; त्यांना बळ कोणी दिले, हे पटावरून कळत नाही.

नियमपुस्तिका जड आहे. पहिला डाव शिकण्यातच जातो, हे गृहीत धरून संध्याकाळ नव्हे, अख्खा दिवस राखून ठेवावा. एका कार्डावर चारपैकी दोघांनाच चाल मिळते, त्यामुळे वाट पाहणे बरेच आहे. पण कार्डावर छापलेली घटना स्वतः वापरावी की ती दुसऱ्याच्या हाती पडू द्यावी, याची तडजोड सतत चालते आणि वेळ रिकामा जात नाही. खेळाडू कमी असतील तर उरलेल्या बाजू चालवण्यासाठी दिलेले तक्ते कामाचे आहेत, पण शेजारी बसून तिजोरी अडवणाऱ्या मित्राची सर त्यांना नाही.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले आणि महिनाअखेरीस शेवटचे अमेरिकी विमान उडाले. या खेळाच्या हिशेबाने पाहिले तर परत आणलेल्या फौजेचे सगळे गुण मित्रफौजांना मिळाले आणि पाठिंब्याचे जवळजवळ काहीच नाही. आमच्या तिसऱ्या डावात मी आणि सरकार असेच एकमेकांचे गुण मोजत बसलो होतो, तालिबानवाला आम्हा दोघांवर डोळा ठेवून होता. तेवढ्यात पटाच्या कोपऱ्यातून वॉरलॉर्ड खेळणाऱ्याने विचारले, कोणाच्याच ताब्यात नसलेली लोकसंख्या एकूण किती भरते? आम्ही मोजली. डाव त्याचा होता.