रावपुऱ्यातला प्रिंटवाला: पैसे घ्यायच्या आधीच "नाही येणार" सांगणारा

बडोद्यात बसून स्वतःची डिझाइन्स छापून ऑनलाइन विकणारे आता बरेच झालेत, फाइन आर्ट्सची पोरं तर आहेतच पण माझ्यासारख्या दुपारी घरचं आवरून टॅबवर चित्रं काढणाऱ्या बायकाही आहेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, छापून कुठून घेता? म्हणून हा रिव्ह्यू. दुकान रावपुऱ्याकडून दांडिया बझारकडे येताना आतल्या गल्लीत आहे. नाव टाकत नाही कारण दुकानवाल्या काकांनी स्वतःच हात जोडून सांगितलंय की बेन आता अजून गर्दी नको, पण त्या भागात आर्ट प्रिंट कोण काढतं असं विचारलंत तर कोणीही दाखवेल.

माझा माल म्हणजे भिंतीवर लावायचे प्रिंट, ए४ आणि ए३. वेलबुट्टी, वाड्यांचे झरोके, मोर वगैरे, तांबेकरवाड्यातली भित्तिचित्रं लहानपणापासून बघितलेली असल्यामुळे हात तिकडेच जातो. आता मोर म्हटलं की हिरवा-निळा आला, आणि तो टॅबवर असा काही चमकतो की बघत राहावं. काकांनी फाइल उघडली, दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले, "बेन, आ लीलो नहि आवे," म्हणजे हा हिरवा नाही येणार. पैसे घ्यायच्या आधी! मग भिंतीवर लावलेला चार्ट दाखवला, एकच रंगपट्टी तीन वेगवेगळ्या कागदांवर छापलेली, आणि तुमचा हिरवा छापल्यावर यातल्या कुठल्या चौकोनासारखा दिसेल ते बोट ठेवून सांगितलं. कारण साधं आहे, स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि कागद फक्त पडलेला उजेड परत देतो, त्यामुळे झगझगीत हिरवा, विजेसारखा निळा, भडक केशरी हे रंग शाईच्या आवाक्याबाहेरच असतात. हे नेटवर सगळीकडे वाचायला मिळतं हो, पण आपल्याच फाइलवर बोट ठेवून कोणी दाखवत नाही.

मग ट्रायल. ए५ एवढा तुकडा छापून देतात, त्याचे वेगळे पैसे घेतात आणि घ्यावेतच. तो तुकडा घेऊन काका दाराशी जातात, ट्यूबलाइटखाली बघूच देत नाहीत, कारण ट्यूबमध्ये छान वाटलेला राखाडी बाहेर उन्हात गुलाबी निघतो. अर्धा तुकडा सावलीत अर्धा उन्हात धरून माझ्या मोराच्या मानेकडे बघत म्हणाले की यात पिवळा थोडा कमी करून आणा आणि मागची पार्श्वभूमी गडद करा, मग हाच हिरवा उठेल. रंग वाढवायचा नाही, शेजारचा दाबायचा! घरी येऊन तसं केलं आणि खरंच उठला. मला वाटतं फाइन आर्ट्सच्या पोरांनी इतकी वर्षं काकांचं डोकं खाल्लंय त्यातून ही नजर आली असावी.

तसं पाहिलं तर भिंतीवरच्या प्रिंटचं आणि बडोद्याचं नातं जुनंच. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं इथे सयाजीरावांनी करवून घेतली, आणि त्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देवादिकांची चित्रं घरोघरी पोचवली. तिथेही छापायला जर्मन माणसं होती आणि एकेका रंगाला छापायचा वेगळा दगड, म्हणजे चित्रकाराच्या मनातला रंग आणि छापणाऱ्याच्या हातातला रंग ही खेचाखेची तेव्हाही असणारच. असो, भरकटले.

कागद. इथे तीन-चार प्रकार मिळतात. साधा मॅट इंकजेट कागद विक्रीला पुरतो, पण त्यावर काळा थोडा राखाडीच दिसतो, ग्लॉसीसारखा खोल काळा मॅटवर मिळणार नाही हे धरून चाला. कॉटनचा जाड कागद, तीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा, हातात घेतला की गिऱ्हाईक किमतीबद्दल बोलतच नाही, मात्र त्याचा पांढरा जरा सायीकडे झुकणारा असतो आणि पृष्ठभाग नाजूक, नख लागलं तरी गडद भागावर पांढरी रेघ उमटते, म्हणून वर पातळ कागद ठेवल्याशिवाय गड्डी करायची नाही. शाई पिगमेंटची (रंगाच्या बारीक कणांची) आहे, डायची (विरघळलेल्या रंगाची) नाही. जास्त वर्षं टिकते म्हणून मी माझ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर तसं लिहू शकते. भाव इथे देत नाही, शाई-कागदाचे दर बदलले की रिव्ह्यू खोटा पडतो. पण आधी मी एका ऑनलाइन प्रिंट-ऑन-डिमांडवाल्यांकडून काम करून घ्यायचे त्यांच्या जवळपास निम्म्यात पडतं.

त्यांच्याबद्दलही बोलते, नाव न घेता. आराम होता, नाकारत नाही. ऑर्डर आली की तेच छापणार, तेच पाठवणार, घरात गठ्ठे नाहीत. पण प्रिंट आधी गिऱ्हाईक बघतं आणि मग त्याच्या फोटोतून आपण, हे मला झेपलं नाही. ठाण्याच्या एका ताईंनी पाठवलेल्या फोटोत माझा मोर चक्क शेवाळलेला होता आणि कंपनीचं उत्तर काय तर रंगात थोडाफार फरक चालतो. कुशन, कॉफीचे मग असल्या वस्तूंसाठी जावं तिकडे खुशाल, भिंतीवरच्या चित्रासाठी नाही.

साइजबद्दल काका एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगतात आणि ती सोन्याची आहे. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, आणि बाजारातल्या तयार फ्रेमा बहुतेक इंचात, १२ बाय १८ वगैरे. दोघांचं प्रमाणच वेगळं, त्यामुळे गिऱ्हाईक ए३ प्रिंट घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलं की एक तर बाजूला फट राहते नाहीतर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घ्यावा लागतो. मी आता दोन्ही साइजच्या फाइली ठेवते आणि वर्णनात फ्रेमचं माप आधी लिहिते. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा चित्राचा जादा भाग, मागतात, ते द्याच, कारण कटिंग हा इथला कच्चा दुवा आहे. मशीन जुनं, आणि गड्डी मोठी असली की खालचे कागद केसभर तिरके निघतात. पांढरी बॉर्डर असलेल्या प्रिंटला ते लगेच दिसतं. उभं राहून लहान गड्ड्या करायला सांगायचं, कटिंगवाला दादा कुरकुरतो पण करतो.

बिल पक्कं मिळतं, जीएसटीसकट. माझं गिऱ्हाईक जास्त करून पुणे-ठाण्याचं, आणि राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, सहसा जीएसटी नंबर काढावाच लागतो, ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नंबर न काढण्याची सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी. म्हणजे हिशोबाला पक्कं बिल हवंच, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर काम करणारा प्रिंटवाला दोन पैसे स्वस्त असला तरी मला परवडत नाही.

तक्रारी आहेतच. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर संध्याकाळपर्यंत येत नाही, आणि तिथे फाइल पाठवूही नका, फोटो म्हणून गेली की दाबली जाते, सरळ पेनड्राइव्ह न्या. ए३ साठी ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल हवेत, त्याहून बरीच लहान फाइल असेल तर काका छापतच नाहीत, वाद घालू नका. गाडी लावायला जागा शून्य. पावसाळ्यात कागद दमट होऊन किंचित लहरतो तेव्हा छपाई एक-दोन दिवस पुढे ढकलतात, ते मी तक्रारीत धरत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून कोरा कागद सगळा माळ्यावर असतो, त्यामुळे ऐनवेळी कॉटन मागितला तर शिडी, पोरगा, आरडाओरडा असा सगळा कार्यक्रम होतो.

पाचपैकी चार, एक कटिंगचा कापला. आणि दिवाळीच्या ऑर्डरी असतील तर फाइली नवरात्राच्या आधीच देऊन मोकळ्या व्हा, त्या नऊ दिवसांत कटिंगवाला दादा रात्रभर गरबा खेळून दुपारी दीडला उगवतो आणि काकाही त्याला काही बोलत नाहीत, कारण ते स्वतः दोनला येतात.