बर्फाचा ढीग आणि नवाकोरा प्रॉपेलर

जुनं सेस्ना विमान घ्यायचं चाललंय, तुमचा अनुभव सांगा, असे फोन मला अधूनमधून येतात. दरवेळी तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. आगाऊ रक्कम घेऊन गायब झालेल्या भामट्याची ही गोष्ट नाही. विमान खरं होतं, मालक खरा होता, आणि तो आजही आमच्याच विमानतळावर शनिवारी सकाळी डोनट खात बसलेला असतो. अशा माणसापासून सावध राहणं जास्त अवघड, म्हणून हा खटाटोप.

आम्ही तिघं मराठी, न्यू जर्सीत स्थायिक. मी पार्ल्याचा, जुहूला उतरणारी लहान विमानं गच्चीवरून बघत वाढलेला. दुसरा साताऱ्याचा. तिसरा बडोद्याचा, दातांचा डॉक्टर. तिघांनीही चाळिशीच्या आसपास खासगी पायलटचं लायसन्स काढलं आणि तासावर भाड्याचं विमान घेऊन उडवायला लागलो. भाड्याच्या विमानाची कटकट ही, की ज्या शनिवारी आभाळ स्वच्छ असतं त्या शनिवारी ते दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेलं असतं. मग तिघांत मिळून एक घ्यायचं ठरलं.

चौथाही एक होता, पण त्याचं ग्रीन कार्ड व्हायचं होतं. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायचं तर माणूस इथला नागरिक तरी हवा, नाहीतर कायमचा रहिवासी. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला सहमालक म्हणून नाव लावता येत नाही. ‘पैसे तू भर, कागदावर माझं नाव राहू दे’ असं सुचवणारे महाभाग भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार करावा, कारण उद्या वाजलं तर भांडायला हातात कागद नसतो. आमचा चौथा बाहेरच राहिला. वाचलो, असं आता तो आम्हालाच ऐकवतो.

ज्यांनी लहान विमानतळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. एक धावपट्टी, बाजूला विमानं ठेवायच्या पत्र्याच्या हँगरांची रांग. सुट्टीच्या दिवशी हँगरांची दारं उघडी, समोर घडीच्या खुर्च्या, कुणीतरी शेगडी पेटवलेली. पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या विमानतळावर जाऊन बर्गर खाऊन यायचं, याला इथे ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. हल्लीच्या पेट्रोलच्या भावात तो शंभरात बसत नाही, पण नाव तेच राहिलंय. जुलैत सगळे विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला निघतात. तिथे हजारो विमानं उतरतात, माणसं पंखाखाली तंबू ठोकून राहतात. यांची ती वारीच. पाना हवा असेल तर शेजारच्या हँगरमधून न विचारता आणायचा आणि जागेवर ठेवायचा. कुलपं फारशी नसतात.

अशा जगात आमचे ‘अण्णा’ होते. माणूस गोरा, सत्तरी ओलांडलेला, नोकरीतून निवृत्त. अण्णा हे आम्ही आपसात ठेवलेलं नाव. आडव्या वाऱ्यात विमान कसं उतरवायचं ते त्यांनी साताऱ्याच्या मित्राला शेजारी बसून शिकवलं, एक पैसा न घेता. तब्येतीमुळे आता फार उडता येत नाही, विमान चांगल्या हाती पडावं एवढीच इच्छा आहे, असं ते म्हणाले तेव्हा आम्हाला लॉटरी लागल्यासारखं झालं.

विमान १९७६ चं, सेस्ना १७२ एम. पन्नाशीला टेकलेलं विमान म्हटल्यावर आपल्याकडचे नातेवाईक दचकतात, पण त्यात काही वावगं नाही. १७२ हे मॉडेल १९५६ पासून विकलं जातंय, ४४ हजारांहून जास्त बनली, आणि जुनी असूनही उत्तम उडणारी कितीतरी आहेत. विमानाचं वय सनावरून नाही, इंजिनाच्या तासांवरून आणि लॉगबुकांवरून, म्हणजे देखभालीच्या नोंदवह्यांवरून धरतात. या विमानाला लायकमिंगचं १५० अश्वशक्तीचं इंजिन, आणि पूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन सुटं करून नव्याने बांधणी, होऊन साधारण नऊशे तास झालेले. पुढचं ओव्हरहॉल २,००० तासांवर करावं अशी कंपनीची शिफारस असते, म्हणजे आमच्या हिशेबाने निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक. रंग बरा, गाद्या बऱ्या. प्रॉपेलर तर झगझगीत नवा. ‘जुन्याचे दगड लागून टवके उडाले होते, म्हटलं देताना नवाच बसवून द्यावा,’ अण्णा म्हणाले. केवढा मोठेपणा!

किंमत बाजारभावापेक्षा किंचित कमी. ओहायोचा कुणी बघायला येणार होता, पण ‘घरचं विमान घरातच राहावं’ म्हणून आम्हाला पहिला मान.

आम्ही कागद तपासले नाहीत असं समजू नका. ओक्लाहोमा सिटीत एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, विमान-नोंदणी कचेरी आहे. शेपटीवरच्या एन-नंबरवरून तिथे मालकी कुणाची, कर्जाचा बोजा आहे का, हे शोधून देणाऱ्या कंपन्या आहेत. तो शोध घेतला, निर्धोक निघाला. तोच नंबर अपघातांच्या सरकारी नोंदींत टाकून पाहिला, तिथेही काही नाही. पैसे तिऱ्हाईताच्या एस्क्रो खात्यातून दिले. राहिली खरेदीपूर्व तपासणी. तिचं अण्णांनीच सोपं केलं. वार्षिक तपासणी तशीही आली आहे, आपला नेहमीचा मेकॅनिक करतोय, तुम्हाला ताजी अ‍ॅन्युअल मिळेल, वेगळा खर्च कशाला? मेकॅनिकही ओळखीचा, त्याच डोनटच्या टेबलावरचा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते, चारही सिलिंडरचं उत्तम, ८० पैकी ७५-७६. सही झाली, एप्रिलमध्ये विमान आमचं झालं.

पुढचे काही महिने सुखाचे गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मग एका रविवारी पेनसिल्व्हेनियातून परत येताना अल्टरनेटरने राम म्हटलं आणि आम्ही वाटेतल्या एका विमानतळावर उतरलो. तिथल्या मेकॅनिकबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. पार्टचा नंबर जुळवायला त्यांनी लॉगबुकं मागितली. टॅबलेटवर सगळी पानं स्कॅन केलेली होती, ती दिली. अल्टरनेटरचं पान सापडलं तरी त्या मागेपुढे चाळत राहिल्या. मग विचारलं, ‘प्रॉपेलर जानेवारीत बदललाय. त्यानंतर इंजिन कुठे उघडलं?’

इंजिन कशाला उघडायचं, असं आम्ही विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला.

त्यांनी सांगितलं ते असं. फिरता प्रॉपेलर कशावर तरी आदळून अडला की तो धक्का क्रँकशाफ्टमधून, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यातून, थेट इंजिनाच्या मागच्या टोकापर्यंत जातो. तिथे एक गिअर आहे, एक बोल्ट आणि एक छोटी डॉवेल पिन यांनी बसवलेला. तेल पंप, कॅमशाफ्ट, ठिणगीसाठी वीज देणारे मॅग्नेटो, सगळं त्या गिअरवर चालतं. एक बंद पडला तरी दुसरा असावा म्हणून विमानाला मॅग्नेटो दोन असतात, हे आपण परीक्षेत पाठ करतो. पण दोन्ही त्या एकाच गिअरवर! ती पिन तुटली की इंजिन हवेत जागच्या जागी बंद. म्हणून लायकमिंगच्या इंजिनांसाठी एफएएचा सक्तीचा आदेश आहे, क्रमांक २००४-१०-१४. असा आघात झाला की तो गिअर उघडून तपासलाच पाहिजे. आमच्या ताज्या अ‍ॅन्युअलसोबतच्या आदेशांच्या यादीत या क्रमांकासमोर सुबक अक्षरात ‘लागू नाही’ लिहिलेलं होतं. आणि जानेवारीत नवा प्रॉपेलर बसवल्याच्या नोंदीखाली त्याच मेकॅनिकची सही.

‘दगडाचे टवके असतील तर कानशीने घासून भागतं,’ बाई म्हणाल्या. ‘अख्खा प्रॉपेलर उगाच कुणी बदलत नाही.’ त्या दिवशी आम्ही तिघं भाड्याच्या गाडीने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी इंधनाच्या गाडीवरच्या पोराला सहज विचारलं. त्याने फोन काढून फोटोच दाखवला. धावपट्टीवरचा बर्फ लोटून कडेला ढीग केलेला, त्याचा रात्रीत दगड झालेला, आणि त्यात नाक खुपसून उभं असलेलं आमचं विमान, दोन्ही पाती मागे मुडपलेली. ‘तुम्हाला माहीत असेल असं वाटलं,’ तो म्हणाला. हे वाक्य मग मी अनेकांकडून ऐकलं. डोनटच्या टेबलावरच्या निम्म्याअर्ध्या लोकांना माहीत होतं. कुणी वाईट नव्हतं. अण्णांचा व्यवहार मोडायला कुणाला नको होतं, आणि अण्णांनी सांगितलंच असणार असं प्रत्येकाने धरून चाललं. अनोळखी शहरातल्या अनोळखी माणसाकडून घेतलं असतं तर आम्ही प्रत्येक पान खोदून विचारलं असतं. इथे विचारणं म्हणजे उद्धटपणा वाटावा इतकी आपुलकी होती, आणि सगळा धंदा त्या आपुलकीवर उभा होता.

सरकारी नोंदींत हे का दिसलं नाही, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. जमिनीवर असताना फक्त प्रॉपेलरच्या पात्यांचं नुकसान झालं, तर नियमांच्या व्याख्येत ते ‘मोठं नुकसान’ धरत नाहीत, त्यामुळे अपघात म्हणून कळवावं लागत नाही. मान्यता असलेल्या मॉडेलचा प्रॉपेलर त्याच जागी बसवला तर ओक्लाहोमा सिटीला मोठ्या दुरुस्तीचा फॉर्म ३३७ पाठवायची गरज नसते. म्हणजे विमानाची फाइल मागवली तरी कोरीच. उरतं फक्त लॉगबुक. प्रॉपेलरवर सिरियल नंबर कोरलेला असतो, तो पुस्तकाशी जुळावाच लागतो, त्यामुळे बदलल्याची ती एक ओळ अण्णांना आणि मेकॅनिकला लपवता आली नाही.

अण्णांना विचारलं तेव्हा ते शांत होते. ‘बर्फ होता तो. बर्फाला आघात म्हणत नाहीत.’ लायकमिंगच्या बुलेटिनमध्ये, म्हणजे कंपनीच्या सूचनापत्रकात, आघाताची व्याख्या आहे. पात्याला किरकोळ घासण्यापलीकडे दुरुस्ती लागली तर तो आघात. एवढंच काय, पाणी किंवा उंच गवत लागून फेरे एकदम कमी झाले तरी आघात. मला खरं कोडं वेगळंच आहे. विम्याच्या कंपन्या अशा वेळी बहुतेकदा इंजिन उघडून तपासण्याचा खर्च देतात. मग अण्णांनी दावा का केला नाही? विमान विकायला काढायचं होतं आणि इंजिन महिनोन्‌महिने अडकलं असतं, हाच माझा अंदाज.

इंजिन उतरवून दुसऱ्या राज्यातल्या वर्कशॉपला पाठवलं. क्रँकशाफ्टची पुढची चकती वाकलेली, मर्यादेबाहेर. म्हणजे शाफ्ट भंगारात. उघडलंच आहे तर पूर्ण ओव्हरहॉल, असं करत बिल ३० हजार डॉलरच्या वर गेलं. वर हँगरचं भाडं आणि विमा चालूच. त्या शाफ्टवर आम्ही बायकामुलांना बसवून समुद्रकाठापर्यंत नेऊन आणलं होतं, याबद्दल घरी काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही.

वकिलाने खरेदीचा कागद पाहून पहिल्यांदा ‘आहे तसं, आहे तिथे’ या ओळीवर बोट ठेवलं. जाणूनबुजून दडवलं असेल तर ती ओळ विकणाऱ्याला वाचवेलच असं नाही, पण त्याला माहीत होतं आणि त्याने खोटं सांगितलं, हे सिद्ध आम्ही करायचं. आमच्याकडे फोटो होता. दगडाच्या टवक्यांचं मात्र सगळं तोंडी. शेवटी तडजोड झाली. बिलाचा साधारण चौथा हिस्सा मिळाला, आणि नाव न घेण्याची अट आली. म्हणून इथे विमानतळाचंही नाव नाही. देखभालीच्या नोंदींत खोटं लिहिणं एफएएच्या नियमांखाली गुन्हा आहे, लायसन्स जाऊ शकतं. मेकॅनिकविरुद्ध एफएएच्या विभागीय कचेरीत तक्रार दिली. त्यातून लायसन्स गेलंच, तरी आपले पैसे काही परत येत नाहीत.

फोन करणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. तपासणारा मेकॅनिक दुसऱ्या विमानतळाचा हवा, त्याने ते विमान आधी कधी हाताळलेलं नको, आणि त्याचे पैसे तुम्ही द्या. ताजी अ‍ॅन्युअल फुकट मिळत असेल तर आनंदाने घ्या, पण तपासणी म्हणून धरू नका. इंजिन आणि प्रॉपेलर यांची लॉगबुकं शेजारी उघडून तारखा लावा. एकात काही मोठं घडलंय आणि दुसऱ्यात त्या महिन्यात शांतता आहे, तर तिथेच थांबा. २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत एडीएस-बी, म्हणजे विमान कुठे आहे ते सतत कळवणारं यंत्र, सक्तीचं असल्यामुळे विमानाच्या फेऱ्या इंटरनेटवर दिसतात. आमचं विमान जानेवारीनंतर कित्येक आठवडे हललेलंच नव्हतं. विकणाऱ्याला ई-मेलवर विचारा, ‘प्रॉपेलर कधी कशाला लागलाय का?’ उत्तर लेखी घ्या. गडी प्रामाणिक असेल तर रागावणार नाही. आणि इंधन भरणाऱ्या पोराशी गप्पा मारा, त्याला सगळं माहीत असतं.

गेल्या महिन्यात पिट्सबर्गहून एका पुण्याच्या मुलाचा फोन आला. एक पायपर चेरोकी विमान ठरत आलंय, मालक फार सज्जन आहेत, घरी जेवायलासुद्धा बोलावलं म्हणाला. मी त्याला जेवायला जा म्हटलं, आणि जायच्या आधी लॉगबुकांचे फोटो पाठव म्हटलं. इंजिनाच्या पुस्तकाचे आलेत. प्रॉपेलरच्या पुस्तकाचे अजून आले नाहीत.