झोटेरो : संस्थेचं वाचन संस्थेतच राहावं म्हणून

झोटेरो हे संदर्भ आणि वाचनाची कागदपत्रं जमवून ठेवायचं सॉफ्टवेअर. त्याचं नाव काढलं की बहुतेकांना पीएचडीचा प्रबंध आणि त्यामागची संदर्भसूची आठवते. माझा त्याच्याशी संबंध वेगळ्या कामातून आला. शेती आणि पाणी या विषयांवर अभ्यास करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या संस्थेचं दस्तऐवजीकरण मी सांभाळते. आमच्या लोकांचं काम म्हणजे वाचणं, ताडून पाहणं आणि लिहिणं. समोर अहवाल, शासन निर्णय, गॅझेटिअर, जनगणनेच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांची कात्रणं. माणूस काही वर्षं राहतो, भरपूर वाचतो आणि दुसरीकडे जातो. त्याचा लॅपटॉप परत येतो, पीडीएफही सगळ्या असतात, पण त्यांतून त्याने काय वेचलं, कुठे त्याला शंका आली, ते त्याच्याबरोबर निघून जातं. ही गळती थांबवायला झोटेरोइतकं उपयोगी साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

ओळख थोडक्यात. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास-अभ्यास केंद्रात २००६ साली हे सुरू झालं. मुक्त स्रोत आहे, मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, फोनवरही ॲप आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की शोधनिबंधाचं नाव, लेखक, साल, जमलं तर पीडीएफसुद्धा आपल्या संग्रहात येते. वर्ड, लिबरऑफिस आणि गुगल डॉक्समध्ये लिहिता लिहिता संदर्भ घालता येतो, सूची आपोआप तयार होते. हा भाग चोख आहे.

खरा फरक पडला तो २०२२ मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हा. पीडीएफ झोटेरोतच उघडायला लागली. ओळ रंगवा, समासात शेरा लिहा, एखादा तक्ता चौकट आखून उचला, आणि हे सगळं एका टिपणात गोळा करा. टिपणातल्या ओळीच्या संदर्भावरून थेट मूळ पानावर जाता येतं. ग्रुप लायब्ररीत, म्हणजे अनेकांच्या सामायिक संग्रहात, काम करत असाल तर शेरा कोणाचा आहे, तेही दिसतं.

याचा उपयोग काय होतो ते एका शेऱ्यावरून सांगते. उस्मानाबादची १९७१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका आमच्या ग्रुपमध्ये आहे. तिच्या सुरुवातीच्याच पानावर एका जुन्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलंय : ‘यात लातूर धरलेलं आहे. पुढच्या पुस्तिकांशी सरळ तुलना करू नये, आधी तालुके जुळवून घ्यावेत.’ लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत होता. हा शेरा लिहिणारे सर संस्था सोडून गेले त्याला बराच काळ लोटला. मध्यंतरी नव्याने आलेली एक मुलगी मराठवाड्यातल्या ओलिताखालच्या क्षेत्राची दशकवार तुलना करायला बसली, तेव्हा तिने पुस्तिका उघडताच हा शेरा तिच्यासमोर आला. तिने तालुके जुळवले आणि मगच आकडे मांडले. नाहीतर कागदावर जिल्हा अचानक आकसलेला दिसला असता आणि त्यावरून कोणी ‘सिंचन घटलं’ असा निष्कर्षही काढला असता. सर आणि ती मुलगी एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.

नावांचंही तसंच. धाराशिव शोधलं तर उस्मानाबादची कागदपत्रं सापडत नाहीत, अहिल्यानगर शोधलं तर अहमदनगरची नाहीत. झोटेरोचा शोध अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला आजच्या नावाचा आणि जुन्या नावाचा असे दोन टॅग लावायचे, हा आमच्याकडे नियम आहे. टॅगना रंग देता येतो आणि आकड्याच्या कळीने तो टॅग पटकन लावता येतो. मात्र टॅगखाली पोटटॅग करता येत नाही. जिल्हा, मग तालुका, मग गाव अशी उतरंड हवी असेल तर ती फोल्डरमध्येच करावी लागते.

आता मराठीपुरतं, कारण इंग्रजीतल्या परीक्षणांमध्ये हे सहसा मिळत नाही. युनिकोडमधला मजकूर असेल तर शोध उत्तम चालतो. पण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून तयार केलेली पीडीएफ पडद्यावर मराठी दिसते आणि ओळ रंगवली की टिपणात रोमन अक्षरांचा चिखल उतरतो. आतला मराठी शब्द शोधला तर अशी फाइल सापडणारच नाही. स्कॅन केलेल्या पानांचीही तीच गत, कारण झोटेरो स्वतः ओसीआर करत नाही, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवत नाही. आम्ही अशा फाइली आधी टेसरॅक्ट या ओसीआरच्या सॉफ्टवेअरमधून काढतो. त्यात मराठी आहे आणि स्वच्छ छपाई असेल तर निकाल कामापुरता चांगला येतो. जोडाक्षरं तेवढी तपासावी लागतात.

लेखकाच्या नावासाठी आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. राजवाडे, वि. का. हे त्यात नीट बसतं. ज्ञानेश्वर किंवा ‘महाराष्ट्र शासन’ बसत नाही. तिथे रकान्याशेजारचं छोटं चिन्ह दाबून एकच रकाना करायचा. मराठी लेखाच्या सूचीत ‘एट अल’ उमटलेलं आम्हाला नको होतं, म्हणून एका सहकाऱ्याने संदर्भ कसे छापायचे ते ठरवणाऱ्या शैलीच्या फाइलमध्येच ‘आणि इतर’ आणि ‘संपा.’ घातलं. त्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, थोडं तांत्रिक अंग असलेल्या माणसाला ते जमतं.

शासन निर्णयांचे तपशील मात्र आम्ही हातानेच भरतो. ‘रिपोर्ट’ हा प्रकार निवडतो, निर्णयाचा क्रमांक त्याच्या रकान्यात आणि निर्णयाच्या शेवटी छापलेला लांबलचक संकेतांक ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात. काम कंटाळवाणं आहे, पण संकेतांक हाताशी असला की निर्णय पुन्हा शोधणं सोपं जातं. यात काटकसर करू नये.

कोणी संस्थेसाठी घेणार असेल तर काही गोष्टी आधीच सांगते. स्वतःच्या संग्रहातली नोंद ग्रुपमध्ये ओढली की तिची वेगळी प्रत तयार होते. नंतर स्वतःच्या प्रतीवर लिहिलेले शेरे ग्रुपमध्ये जात नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून ग्रुपमध्येच वाचायची सवय लावा. दुसरं, रंगवलेल्या ओळी झोटेरोच्या डेटाबेसमध्ये राहतात, फाइलमध्ये नाही. बाहेर कोणाला द्यायची असेल तर शेऱ्यांसह निर्यात करा. तिसरं, झोटेरोचं डेटा फोल्डर ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो.

पैशांचं गणित असं : नोंदी आणि टिपणं कितीही असली तरी फुकट. फाइलींसाठी ३०० एमबी फुकट, आणि स्कॅन केलेल्या अहवालांनी ती बघता बघता भरते. पुढे वर्षाला २० डॉलरला २ जीबी, ६० ला ६ जीबी, १२० ला अमर्याद. ग्रुपमधल्या फाइली ग्रुपच्या मालकाच्या खात्यातून मोजल्या जातात, म्हणून मालकी कोणा एकाच्या खासगी ईमेलवर न ठेवता संस्थेच्या ईमेलवर खातं उघडा. नाहीतर तो माणूस नोकरी सोडून गेला की पुढे सगळं अवघड होऊन बसतं.

ज्या कार्यालयात चार माणसं वाचून लिहितात, तिथे मी हे डोळे झाकून सुचवेन. जुना सगळा साठा आत घालत बसू नका, त्यात उत्साह संपतो. सध्या टेबलावर जो अहवाल आहे तो ग्रुपमध्ये घाला आणि तिघांनी मिळून वाचा.